माळरानावरील गवताळ समुदायांचे वर्गीकरण: वालुकामय स्टेपच्या अभ्यासातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये

अंबाजोगाईहून एका संशोधक विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिने बीड जिल्ह्यातील पाटोदा, धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि नांदेड जिल्ह्यातील देगलूर या तीन तालुक्यांतील माळरानांवर मिळून ५४ क्वाड्रॅट, म्हणजे वनस्पतींची नोंद घेण्यासाठी आखलेले चौकोन, घातले आहेत. प्रत्येक क्वाड्रॅट १ चौरस मीटरचा आहे आणि सर्व नोंदी ऑगस्ट महिन्यातील आहेत. मध्य युरोपातील वालुकामय स्टेप, म्हणजे वाळूवरील जवळजवळ वृक्षहीन कोरड्या गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण वाचल्यानंतर आपली माळरानेही त्याच मांडणीत बसवता येतील, असे तिला वाटते. बहुतेक क्वाड्रॅटमध्ये कुसळीचे प्रमाण सर्वांत जास्त आढळल्यामुळे या समुदायाला कुसळीच्या शास्त्रीय नावावरून ‘हेटेरोपोगोनेटम’ असे नाव द्यावे का, असा तिचा शेवटचा प्रश्न आहे.

पद्धत अवश्य घ्या, तिकडची नावे मात्र घेऊ नका, आणि स्वतःचे नाव देण्याची घाई तर मुळीच करू नका, असे माझे उत्तर आहे. त्यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण याच प्रश्नाच्या वेगवेगळ्या रूपांत मराठवाड्यातील अनेक प्रबंध अडकलेले मी पाहिले आहेत.

प्रथम ‘स्टेप’ या शब्दाविषयी. कोपेनच्या हवामान वर्गीकरणात पश्चिम मराठवाड्याचा मोठा भाग उष्ण अर्धशुष्क गटात येतो आणि त्या गटाच्या चिन्हातील एक अक्षर ‘स्टेप’ या शब्दावरूनच घेतलेले आहे. त्यामुळे आपला माळ म्हणजे स्टेप, असा समज सहज होतो. परंतु ते नाव हवामानाच्या गटाचे आहे, वनस्पतींच्या समुदायाचे नाही. हंगेरीत डॅन्यूब आणि तिसा या नद्यांच्या मधल्या किश्कुनशाग भागातील वालुकामय स्टेपवर वर्षाला साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडील आष्टी-पाटोद्याच्या माळाला हा आकडा फार दूरचा वाटणार नाही. तरीही दोन्हीकडच्या पावसाचा वनस्पतींसाठी असलेला अर्थ वेगळा आहे. तिकडे तो वर्षभर विखुरलेला असतो आणि हिवाळ्यात जमीन गोठते. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते ऑक्टोबरमध्ये पडतो आणि उरलेले सात महिने माळ कोरडा पडून तापत राहतो. याचा परिणाम थेट गवतांच्या शरीरक्रियेत दिसतो. फेस्टुका, स्टायपा, केलेरिया ही तिकडची प्रमुख गवते थंड हवामानाला साजेशा सी-३ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, तर कुसळी, पवना, मारवेल ही आपली प्रमुख गवते उष्णतेला साजेशा सी-४ गटातील आहेत. म्हणजे दोन्ही ठिकाणी नजरेला पिवळसर, आखूड, विरळ गवत दिसले तरी प्रजातींची यादी, वंशांचा इतिहास आणि वाढीचा हंगाम यांपैकी काहीच जुळत नाही. प्रजातींच्या यादीवर आधारलेल्या वर्गीकरणात एवढे वेगळेपण असताना तिकडचा ‘वर्ग’ किंवा ‘गण’ इकडे लावता येत नाही.

मात्र त्या वर्गीकरणाचा इतिहास आपण नीट समजून घ्यावा, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. योसियास ब्राउन-ब्लांके या स्विस शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये वनस्पतिसमाजशास्त्राची जी पद्धत पुस्तकरूपाने मांडली, तिचा पाया असा की समुदाय ठरवताना एका जागेवरील सर्व प्रजातींची संपूर्ण यादी विचारात घ्यायची आणि ज्या प्रजाती विशिष्ट समुदायाशी निष्ठा राखतात त्यांच्या आधारे गट ओळखायचे. साहचर्य हा मूलभूत घटक. अनेक साहचर्यांची मिळून युती, युतींचा गण आणि गणांचा वर्ग, अशी ती चढती रचना आहे. लादिस्लाव म्युत्सिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये संपूर्ण युरोपसाठी जी एकत्रित मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात संवहनी वनस्पतींचे प्राबल्य असलेल्या समुदायांचे १०९ वर्ग, ३०० गण आणि १,१०८ युती आहेत. या मांडणीपर्यंत पोहोचायला तिकडे शंभर वर्षांच्या आसपास काळ आणि लाखो क्वाड्रॅट लागले, हे आपण ५४ क्वाड्रॅट हातात घेऊन बसतो तेव्हा आठवावे.

वालुकामय स्टेपचाच विषय घ्या. रेझो शोओ या हंगेरियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये फेस्टुका व्हॅजिनाटा या गवताच्या नावावरून तिथल्या वाळूवरील समुदायांची युती मांडली. पुढे १९५७ मध्ये त्यावर गण उभा राहिला आणि १९७२ मध्ये विखेरेक यांनी त्याचा स्वतंत्र वर्ग वैध रीतीने प्रसिद्ध केला. युक्रेनच्या दक्षिणेकडील वाळूवर वाढणाऱ्या फेस्टुका बेकेरी या गवताची युतीही त्यांनी त्याच वर्षी मांडली. तरीही अनेक लेखक हे समुदाय पश्चिम युरोपातील वालुकामय गवतांच्या जुन्या वर्गातच ठेवत राहिले आणि स्वतंत्र वर्ग हवा की नको याची चर्चा दीर्घकाळ चालली. चर्चेचे मूळ वाळूच्या स्वभावात होते. डॅन्यूब-तिसा दुआबातील वाळू चुनखडीयुक्त आहे, तर हंगेरीच्या ईशान्येकडील न्यिरशेग भागातील वाळू आम्लधर्मी आहे. दोन्ही ठिकाणी फेस्टुका व्हॅजिनाटा सापडते, पण आम्ल वाळूवर तिच्यासोबत कोरिनेफोरस कॅनेसेन्स ठळकपणे येते, आणि चुनखडीच्या वाळूवर फुमाना प्रोकम्बेन्स, आल्काना टिंक्टोरिया यांसारखी वेगळी मंडळी असते. म्हणजे जे गवत सर्वांत जास्त दिसते त्याने हा फरक दाखवला नाही. तो दाखवला त्याच्या आजूबाजूच्या, कमी भरणाऱ्या प्रजातींनी. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका उदाहरणात आहे.

आता वाळू मराठवाड्यात कुठे आहे ते पाहू. आपल्या बहुतांश माळरानाखाली बेसाल्ट आहे. तो झिजून सखल भागात काळी चिकणमाती आणि उंचवट्यावर मुरूम, बरड, फुफाटा अशी उथळ जमीन होते; तिला वालुकामय म्हणणे चूक आहे, कारण मुरमाचे कण जाड असले तरी तो क्वार्ट्झची वाळू नसतो आणि त्यातून मिळणारे क्षार निराळे असतात. खरी अपवादाची जागा तुमच्या यादीतच आहे. देगलूर, बिलोली या नांदेडच्या आग्नेय तालुक्यांत बेसाल्टची चादर संपते आणि जुना ग्रॅनाइट व नाइस खडक उघडा पडतो. त्याच्या झिजेतून लालसर, भरड, वाळूसर जमीन तयार होते. तेव्हा तुमच्या अभ्यासातील सर्वांत मोलाची तुलना पाटोदा आणि भूम यांच्यामध्ये नसून बेसाल्टवरील माळ आणि देगलूरच्या ग्रॅनाइटवरील माळ यांच्यामध्ये आहे. तुम्ही तीन तालुके तीन ‘ठिकाणे’ म्हणून मांडले आहेत. मी तुमच्या जागी असतो तर खडक हाच पहिला भेद धरला असता आणि तालुक्यांची नावे केवळ पत्ता म्हणून ठेवली असती. गोदावरीच्या पात्रातील वाळूचे बेट आणि काठ मात्र या अभ्यासात मिसळू नका. तिथे झाऊ आणि सॅकरम हे उंच गवत वाढते, दर पुराने जागा नव्याने पुसली जाते, आणि तो समुदाय नदीचा आहे, माळाचा नाही.

क्वाड्रॅटच्या आकाराविषयी आणि हंगामाविषयी मला काळजी वाटते. १ चौरस मीटरमध्ये मुरमाड माळावर कित्येकदा दोन-तीन गवतांचे ठोंब आणि चार-पाच लहान रोपे एवढेच बसते, आणि एका मोठ्या ठोंबामुळे सगळी टक्केवारी फिरते. युरोपात कोरड्या गवताळ समुदायांसाठी १६ ते २५ चौरस मीटरचे क्वाड्रॅट सामान्यपणे वापरले जातात. आपल्याकडे ४ मीटर बाजूचा चौकोन मला सोयीचा वाटत आला आहे, पण माझ्या शब्दावर विसंबू नका. दोन-तीन जागी १ चौरस मीटरपासून सुरुवात करून क्षेत्र दुप्पट करत जा, प्रत्येक टप्प्यावर नव्या प्रजाती किती मिळतात ते लिहा, आणि आलेख जिथे सपाट होऊ लागतो तो आकार घ्या. एकदा आकार ठरला की सर्व क्वाड्रॅट त्याच आकाराचे हवेत. लहान आणि मोठे क्वाड्रॅट एकाच तक्त्यात टाकले तर प्रजाती किती वेळा सापडते हा आकडाच निरर्थक होतो, कारण मोठ्या क्षेत्रात ती सापडण्याची शक्यता मुळातच जास्त असते.

ऑगस्टमध्ये बहुतेक बहुवर्षायू गवतांना फुलोरा आलेला नसतो. मी सुरुवातीच्या काळात हीच चूक केली होती. पाटोद्याजवळच्या एका माळावर जुलै-ऑगस्टमध्ये पानांवरून ओळख पटवून मी ३१ क्वाड्रॅट भरले, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हा ज्याला मी सर्वत्र मारवेल लिहिले होते त्यातले बरेचसे बोथ्रिओक्लोआ पर्टुसा निघाले. ते सगळे क्वाड्रॅट मला टाकून द्यावे लागले. या दोघांत फरक करण्यासाठी कणिसकाचे खालचे तुष पाहावे लागते: बोथ्रिओक्लोआ पर्टुसाच्या तुषावर सुईने टोचल्यासारखा खड्डा असतो, मारवेलला, म्हणजे डायकँथियम ॲन्युलेटमला, तो नसतो. दहापट भिंग आणि फुलोरा या दोन गोष्टींशिवाय हे ठरवता येत नाही. म्हणून मुख्य नोंदी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा या काळात कराव्यात. ऑगस्टच्या तुमच्या नोंदी मात्र वाया गेलेल्या नाहीत. पावसाच्या सुरुवातीला येऊन ऑक्टोबरपूर्वी सुकून जाणाऱ्या अल्पायुषी वनस्पतींसाठी त्या लागतीलच. त्याच क्वाड्रॅटला दुसरी भेट द्या आणि दोन्ही याद्या एकत्र करा.

स्थानिक नावे वापरताना सावध राहा. कुसळ किंवा कुसळी हे नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टसलाही दिले जाते आणि टोकदार कूस असलेल्या ॲरिस्टिडाच्या अनेक प्रजातींनाही. गुरांच्या दृष्टीने दोन्ही टोचणारीच. पण वर्गीकरणाच्या दृष्टीने एक बहुवर्षायू ठोंबाचे गवत आणि दुसरे बहुधा एका पावसाळ्यापुरते. हेटेरोपोगॉनच्या काळपट कुसा पक्व झाल्यावर एकमेकींभोवती पिळून वेणी होते, तर ॲरिस्टिडाच्या कुसेला वर तीन फाटे फुटतात. एवढे लक्षात ठेवले तर शेतावरच्या माणसाशी बोलतानाही गोंधळ होत नाही. धनगर आणि गुराखी यांची नावे टिपून ठेवा, कारण कोणते गवत कोणत्या महिन्यापर्यंत खाल्ले जाते हे ज्ञान त्या नावांबरोबर येते. लाल कंधारी आणि देवणी गुरे याच गवतांवर पोसली गेली. पण तक्त्यात शास्त्रीय नावच जाईल, आणि प्रत्येक प्रजातीचा वाळवलेला नमुना हातात असेल. मराठवाड्याच्या वनस्पतींवर वि. ना. नाईक यांनी जे काम करून ठेवले आहे त्यामुळे ही ओळख आता पूर्वीइतकी कठीण राहिलेली नाही.

क्वाड्रॅट कुठे घालायचा हा प्रश्न तो कसा भरायचा यापेक्षा अवघड आहे. रस्त्याजवळची, गवत चांगले दिसणारी जागा निवडण्याकडे आपला हात आपोआप जातो आणि मग आपण आपली आवड मोजतो, माळ मोजत नाही. आधी नकाशावर खडक, उतार आणि वापर यांनुसार भाग पाडा आणि प्रत्येक भागात चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. मात्र प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर क्वाड्रॅट एकसारख्या गवतात पडला आहे ना, त्याच्या मधून पायवाट किंवा चर तर जात नाही ना, हे पाहून गरज पडल्यास काही मीटर सरका आणि सरकल्याची नोंद करा. प्रत्येक क्वाड्रॅटमध्ये लोखंडी सळईने पाच ठिकाणी मातीची खोली मोजा. बेसाल्टच्या माळावर एखाद्या वीतभर खोलीच्या फरकाने समुदाय बदलतो, असा माझा अनुभव आहे: खडक जवळजवळ उघडा असेल तिथे ओरोपेटियम आणि मेलॅनोसेंक्रिस यांसारखी बोटभर उंचीची गवते, थोडी मुरमाड खोली मिळाली की पवना आणि कुसळी, आणि सखल काळ्या जमिनीकडे मारवेल व कुंदा. यातले ओरोपेटियम थोमियम तर पूर्ण वाळून गेल्यावरही पाऊस पडताच पुन्हा हिरवे होते. त्याच्यासाठी वीतभर माती ही गरज नाहीच.

प्रत्येक प्रजातीचे आच्छादन, म्हणजे तिने क्वाड्रॅटमधील किती जमीन झाकली आहे ते, ब्राउन-ब्लांकेच्या श्रेणीत लिहा: एखाददुसरेच रोप असेल तर ‘आर’, थोडी रोपे आणि नगण्य आच्छादन असेल तर अधिक चिन्ह, ५ टक्क्यांपेक्षा कमी पण रोपे बरीच असतील तर १, मग ५ ते २५ टक्क्यांसाठी २, २५ ते ५० साठी ३, ५० ते ७५ साठी ४ आणि त्यापुढे ५. ही श्रेणी ठोकळ आहे आणि ठोकळ असण्यातच तिचा उपयोग आहे, कारण वाऱ्याने हलणाऱ्या गवतात ३२ आणि ३७ टक्के यांतला फरक कुणाच्याच डोळ्याला विश्वासाने कळत नाही.

आता गट कसे पाडायचे. तुम्ही ट्विन्स्पॅन ही क्वाड्रॅटचे गट दुभागत जाणारी संगणकीय पद्धत वापरणार असल्याचे लिहिले आहे. मार्क हिल यांनी १९७९ मध्ये तयार केलेली ही पद्धत अजूनही उपयोगी आहे. तिची २००९ मधील सुधारित आवृत्ती लुबोमिर तिखी यांच्या ज्यूस या मोफत संगणक प्रणालीत चालवता येते आणि ती अधिक बरी, कारण मूळ पद्धत प्रत्येक पायरीवर सर्वच गट दुभागते, मग त्यातला एखादा गट आधीच एकजिनसी असला तरी. संगणकाने दिलेले गट ही पहिली सूचना समजा. त्यानंतर तक्ता हाताने लावायचा, प्रजाती वरखाली सरकवायच्या, आणि प्रत्येक गटामागे खडक, खोली किंवा वापर यांपैकी काही कारण दिसते का ते तपासायचे. ज्या गटामागे कोणतेच कारण दिसत नाही तो गट मी सहसा स्वीकारत नाही.

निदर्शक, म्हणजे गटाची ओळख पटवणाऱ्या प्रजाती ठरवण्यासाठी फाय हा सहसंबंधांक वापरा; प्रजाती त्या गटाशी किती घट्ट बांधलेली आहे ते तो सांगतो. तुमच्या कुसळीच्या प्रश्नाला याचा थेट उपयोग आहे, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊन आकडे मांडतो. एकूण ५४ क्वाड्रॅट आहेत आणि त्यांतले १८ एका गटात आले, असे समजा. कुसळी एकूण ४५ क्वाड्रॅटमध्ये सापडली आणि त्या गटातल्या १८ पैकी १७ मध्ये ती आहे. केवळ गटाकडे पाहिले तर ९४ टक्के क्वाड्रॅटमध्ये ती आहे, म्हणून ती गटाची ओळख वाटते. पण गटाबाहेरच्या ३६ पैकी २८ क्वाड्रॅटमध्येही ती आहेच. ५४ गुणिले १७ मधून ४५ गुणिले १८ वजा केले तर १०८ उरतात; त्यांना ४५, १८, ९ (कुसळी नसलेले क्वाड्रॅट) आणि ३६ (गटाबाहेरचे) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की फाय ०.२१ येतो. आता पवना, म्हणजे सेहिमा नर्व्होसम, एकूण १६ क्वाड्रॅटमध्ये सापडला आणि त्यांतले १३ या गटातले आहेत, असे धरा. गटात तो ७२ टक्केच ठिकाणी आहे, म्हणजे कुसळीपेक्षा कमी, परंतु बाहेर तो फक्त ३ ठिकाणी आहे. त्याचा फाय ०.६६ येतो. कुसळी सर्वत्र आहे म्हणून ती काहीच सांगत नाही. पवना कमी आहे, पण असतो तेव्हा जागा ओळखून देतो. गट लहानमोठे असतील तर फाय काढण्यापूर्वी ते समान आकाराचे धरून प्रमाणित करावे, नाहीतर मोठ्या गटाच्या प्रजातींना अवाजवी वजन मिळते.

यापुढचा प्रश्न आपल्या माळरानांच्या बाबतीत सर्वांत नाजूक आहे: जे दिसते आहे तो स्वतंत्र समुदाय आहे, की चराईमुळे आलेली अवस्था? दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारताच्या गवताळ आच्छादनाचे पाच मुख्य प्रकार मांडले. त्यांत दख्खनच्या पठाराचा समावेश सेहिमा-डायकँथियम प्रकारात होतो, तर खऱ्या अर्थाने वाळूवरचा प्रकार म्हणजे राजस्थान-गुजरातकडील डायकँथियम-सेंक्रस-लासियुरस. त्या मांडणीत कुसळीचे माळ बहुतांशी पवन्याच्या माळाची चराईने आणि जाळपोळीने झालेली उतरती अवस्था मानले गेले आहेत, आणि त्याहून जास्त दाब पडला की ॲरिस्टिडासारखी अल्पायुषी गवते येतात. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. भूमजवळ एकाच टेकाडाच्या दोन बाजू मी वर्षानुवर्षे पाहत आलो. एका बाजूला खाजगी कुरण, जे दिवाळीपर्यंत बंद ठेवून मग विळ्याने कापले जाते. तिथे पवना, रानशेवरा, मधूनमधून तरवड. दुसऱ्या बाजूला उघडे गायरान, तिथे कुसळी, ॲरिस्टिडा आणि दगडी पाला. खडक एक, पाऊस एक, मातीची खोलीही जवळपास तीच. हे दोन समुदाय की एकाच समुदायाच्या दोन अवस्था, याचे उत्तर तक्ता एकटा देऊ शकत नाही.

युरोपात हा प्रश्न टाळलेला नाही. किश्कुनशागमध्ये उघड्या, विस्कटलेल्या वाळूवर ब्रोमस टेक्टोरमसारखी वार्षिक गवते येतात आणि कालांतराने त्यांची जागा बहुवर्षायू फेस्टुकाचे समुदाय घेऊ शकतात. तरीही वार्षिक गवतांच्या त्या समुदायाला स्वतंत्र साहचर्याचा दर्जा दिला गेला, कारण त्याची प्रजातींची यादी सातत्याने तशीच आढळते. हे तत्त्व आपल्याकडे वापरता येईल, पण एका अटीवर: ते सातत्य आपण दाखवले पाहिजे. आपल्या पावसाच्या लहरीमुळे ते अवघड होते. २०१५ च्या दुष्काळात माझ्या कायमच्या खुणा केलेल्या क्वाड्रॅटपैकी कित्येकांत बहुवर्षायू ठोंब जिवंत असूनही फुलले नाहीत आणि तक्त्यात ते क्वाड्रॅट ॲरिस्टिडाच्या समुदायासारखे दिसू लागले. २०१६ च्या सप्टेंबरमधील भरपूर पावसानंतर त्याच जागी पवना पुन्हा उभा राहिला. एकाच वर्षाच्या नोंदींवर मी त्यांना वेगळा समुदाय म्हणून जाहीर केले असते, तर ते दुष्काळाचे वर्गीकरण झाले असते. म्हणून किमान दोन पावसाळे, आणि प्रत्येक क्वाड्रॅटसोबत चराईची स्पष्ट नोंद: उघडे गायरान, राखलेले कुरण, की सलग समतल चर खणून गिरिपुष्प लावलेली जमीन. शेवटच्या प्रकारातील क्वाड्रॅट वेगळे ठेवा. तिथे माती उलटली गेलेली असते आणि तिथल्या गवतावरून मूळ माळाविषयी अनुमान काढता येत नाही.

नावाविषयी. वनस्पतिसमाजशास्त्रीय नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९७६ पासून आहे आणि तिची चौथी आवृत्ती सध्या वापरात आहे. तिच्यानुसार साहचर्याचे नाव वैध होण्यासाठी निदान एक संपूर्ण क्वाड्रॅट प्रसिद्ध करावा लागतो आणि १९७९ पासून त्यातला एक नामप्रकार, म्हणजे त्या नावाचा आधारभूत नमुना, म्हणून स्पष्ट नेमून द्यावा लागतो. त्यातही आधी कुणी तेच नाव वेगळ्या समुदायाला दिलेले आहे का हे तपासणे ओघाने आले. कुसळी आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया अशी जगभर पसरलेली असल्याने तिच्या एकट्या नावावर साहचर्य उभे करणे हे संकटाला आमंत्रण आहे. ‘सेहिमा नर्व्होसम-हेटेरोपोगॉन समुदाय, बेसाल्टच्या मुरमावरील’ असे साधे, अनौपचारिक वर्णनात्मक नाव आज पुरेसे आहे आणि त्याने तुमच्या प्रबंधाचे मोल तसूभरही कमी होत नाही.

ही पद्धत आपल्याला परकी आहे, अशी खंतही बाळगू नका. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्रा. एफ. आर. भरूचा यांनी माँपेलिए येथे ब्राउन-ब्लांके यांच्याकडे प्रत्यक्ष अभ्यास केला होता, आणि शंकरनारायण यांच्यासह पश्चिम घाटातील गवताळ प्रदेशांवरील त्यांचे काम १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर जे साठहून अधिक वर्षांपूर्वी झाले ते बालाघाटच्या रांगेवर अद्याप त्या तपशिलाने झालेले नाही, आणि म्हणूनच तुमचे काम मला महत्त्वाचे वाटते. शासकीय कागदावर आपले माळ बहुधा ‘पडीक’ या एकाच शब्दात बसवले जातात. पवन्याचे जुने कुरण आणि गाजर गवताने भरलेली उकरलेली जमीन यांना तो शब्द सारखाच लागतो. माळावर वृक्षारोपण करायचे की पवनचक्की आणि सौर पट्टे उभारायचे, हे त्या एका शब्दावर ठरते. दोन्ही जागांची नावे वेगळी आहेत आणि ती का वेगळी आहेत, हे दाखवणारा तक्ता अजून कुणाच्या टेबलावर नाही.

तेव्हा तुमच्या ५४ क्वाड्रॅटचे असे करा. त्यांचे कोपरे जीपीएसवर असतील तर त्याच मध्यबिंदूभोवती ४ मीटर बाजूचा चौकोन आखून सप्टेंबरअखेरीस पुन्हा नोंद घ्या. ऑगस्टची यादी त्यात मिळवा. पाटोदा-भूमचे क्वाड्रॅट आधीच पुरेसे आहेत, तिकडे नवे घालू नका; त्याऐवजी देगलूर-बिलोलीच्या ग्रॅनाइटवर संख्या वाढवा आणि शक्य असल्यास बेसाल्ट व ग्रॅनाइट यांची सीमा ओलांडणारी एक रेषा आखून तिच्यावर सलग क्वाड्रॅट घ्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना पाऊस आणि गुरे तीच असतील आणि फक्त पायाखालची जमीन बदललेली असेल. तक्ता तयार झाला की प्रथम कुसळीची ओळ झाकून उरलेल्या ओळींवरून गट दिसतात का ते पाहा, आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या नोंदींनंतरही तेच गट उभे राहिले तर मला ते क्वाड्रॅट अवश्य दाखवा.